नथू आणि तेरावा खंड

पिंपळवेढे गावात नथू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळी माणसं गावोगाव असतात, पण हा अगदी अस्सल होता. वय तीस, मिशा भरघोस, मामाच्या पिठाच्या गिरणीवर काम. डोक्यात मात्र एका वेळी एकच गोष्ट मावे. ती एकदा बसली की दुसरी येईपर्यंत हलत नसे.

गिरणीवर तात्या गुजर दळण घेऊन येत. तात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे. दळण होईपर्यंत ते 'सात शिखरांची राणी' या कादंबरीची गोष्ट सांगत. तिचे बारा खंड निघाले होते आणि एकेक खंड विटेएवढा जाड होता. त्यात राणी मेघावती होती, बोलणारे गरुड होते, एका डोळ्याचा सेनापती होता. ऐकता ऐकता नथू असा रंगून जाई की गव्हाच्या डब्यात बाजरीचं पीठ पडे. बायका ओरडत. नथू म्हणे, "वैनी, जरा थांबा, राणी गडावर अडकलीया."

गावच्या वाचनालयात दर रविवारी या कादंबरीचं वाचक मंडळ भरे. अकरा सभासद होते. निवृत्त शिक्षिका कुमुदबाई अध्यक्ष आणि दिनकरराव चिटणीस. नवा माणूस आला की तो वर्षभर चटईवर बसे. वर्षभर नीट वागला, तर कुमुदबाई मंडळाच्या वहीत त्याचं नाव लिहीत. नाव लिहिलं की खुर्ची मिळे.

नथूला खुर्चीचं काही नव्हतं. त्याला ते नाव हवं होतं. दुसरीत असताना शाळेच्या पटावरून त्याचं नाव काढलं होतं. त्यानंतर रेशनकार्ड सोडलं तर जगात कुठेही त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. वहीत आपलं नाव दिसावं, एवढी एकच इच्छा मनात धरून तो मंडळात आला आणि चटईवर मांडी घालून बसला.

कुमुदबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "नथू, ज्याला पुढचं माहीत नाही, त्याला पुढचं सांगायचं नाही. त्याची मजा जाते. कितीही तोंडावर आलं तरी गिळायचं."

"व्हय बाई," नथू म्हणाला. गोष्ट डोक्यात बसली.

पुढच्या रविवारी मंडळाचा फोटो काढायचं ठरलं. सगळे वाचनालयाच्या दारात उभे राहिले. दिनकरराव मोबाइल घेऊन समोर. सगळे मावेनात, म्हणून दिनकरराव एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. त्यांच्या मागे गिलाव्यासाठी मातीचा गारा मळून ठेवलेला खड्डा होता. बाकीचे केस सारखे करत होते. खड्डा फक्त नथूला दिसत होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं, पण गडी बोलला नाही.

दिनकरराव गाऱ्यात बसले. मोबाइल वाचला, धोतर गेलं.

"नथू, तू तर इकडेच बघत होतास!" दिनकरराव आतूनच ओरडले.

"बघत हुतो की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमाला पुढचं म्हाईत नव्हतं न्हवं. मजा गेली असती."

कुमुदबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, कुणावर संकट येताना दिसलं की गप्प बसायचं नाही. मोठ्याने ओरडून सावध करायचं. सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे."

"व्हय बाई." जुनी गोष्ट गेली. नवी बसली.

त्या वर्षी मंडळात आणखी एक नवे वाचक आले होते, पोस्टमन सोनवलकर. त्यांच्यासाठी कुमुदबाई पहिला खंड मोठ्याने वाचत होत्या. प्रसंग चांगलाच रंगला होता. राणी मेघावती हातात दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते. समोर लोखंडी दार. राणी कडीला हात घालते...

नथू ताडकन उठला. "राणीसाहेब! कडी काढू नगा! आत सेनापती हाय! त्यो फितूर हाय! आठव्या खंडात त्योच तुमच्या भावाला मारतोय!"

आवाज चावडीपर्यंत गेला. सोनवलकर हळूच उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "सात खंडांची मेहनत वाचली. आभारी आहे." ते परत आले नाहीत.

"मी राणीला सावध केलं, बाई," नथू म्हणाला.

"राणी पुस्तकात आहे!"

"म्हनूनच एवढ्या मोठ्यानं वरडलो."

कुमुदबाईंनी चष्मा काढून पुसला. शिक्षिकेची नोकरी त्यांनी पस्तीस वर्षं केली होती, पण असा विद्यार्थी मिळाला नव्हता. "ऐक. यापुढे कुणाशीही बोलण्याआधी विचारायचं, 'तुम्ही कुठवर आलात?' थोडंच उरलं असेल, तर जपून बोलायचं. शेवटाचा विषय काढायचा नाही."

"व्हय बाई."

थंडीत तात्या गुजर आजारी पडले. छातीत कफ झाला. मंडळ भेटीला गेलं. तात्या खाटेवर पडून होते, उशाशी सून काढा घेऊन उभी. सगळे हळू आवाजात चौकशी करत होते. नथू पुढे झाला आणि खाटेशेजारी उकिडवा बसला.

"तात्या, तुमी कुठवर आलात?"

"कशात रे?"

"असंच. एकंदरीत."

"चौऱ्याऐंशी पुरी झाली की."

नथूने मान हलवली. "मंग आता थोडंच उरलंय. मी जपून बोलतो. शेवटाचा इषय काढत न्हाई."

सुनेने काढ्याचा पेला खाली ठेवला आणि नथूला दंडाला धरून अंगणात नेऊन सोडलं. तात्या मात्र हसता हसता इतके खोकले की छातीतला कफ सुटला. तो नथूच्या बोलण्याने सुटला की काढ्याने, यावर त्या घरात अजून दोन मतं आहेत.

परतताना कुमुदबाईंनी वाटेतच शिकवलं. "आजाऱ्यापुढे असलं बोलतात का? आजाऱ्याच्या हातावर फळं ठेवावीत. कपाळाला हात लावावा. 'लवकर बरे व्हा' म्हणावं. त्याला फार बोलू देऊ नये. आणि नथू, वर्ष संपत आलंय. आता एक जरी घोटाळा केलास, तर वहीतलं नाव विसर."

नथूचा चेहरा उतरला. नाव जायला नको होतं. त्याने प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा घोकला. रात्री जेवतानाही घोकत होता.

त्याच महिन्यात प्रकाशकांकडचे एक साहेब मंडळाला भेट द्यायला आले. त्यांचा सत्कार ठरला. नथूला यायला उशीर झाला. तो दारातून बघतो तर काय, एक बारीक माणूस खुर्चीत बसलाय. अंगावर शाल. कपाळावर घाम. भोवती गावातली मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने उभी. आणि तो माणूस उठून बोलायला लागला होता.

नथू चौकात पळाला. डझनभर केळी घेऊन आला. गर्दीतून वाट काढत पुढे गेला, पाहुण्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, हातावर केळी ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"लवकर बरे व्हा," तो म्हणाला. "बोलू नगा. दम लागंल." आणि त्याने माइक काढून घेतला.

साहेब स्वभावाने चांगले होते. बसल्या बसल्या त्यांनी एवढंच सांगितलं, की तेरावा आणि शेवटचा खंड छापून झालाय आणि त्याची पहिली प्रत पुढच्या रविवारी सकाळच्या बसने पिंपळवेढ्याला येईल. मग ते केळी घेऊन निघून गेले.

मंडळात एकच जल्लोष झाला. राणीचं काय होतं? गडावर कोण बसतं? चौदा वर्षं हाच प्रश्न होता. त्या जल्लोषात नथूचा गुन्हा निम्मा माफ झाला. उरलेला निम्मा दिनकररावांनी काढला.

"बाराच्या बारा केळी एकट्याला दिलीस? आम्ही सकाळपासून चहावर उभे होतो!"

"त्याचं बरोबर आहे, नथू," कुमुदबाई म्हणाल्या. "काहीही आणलंस तरी एकट्याला द्यायचं नाही. हजर असतील त्या सगळ्यांत सारखं वाटायचं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. जो हजर नाही, त्याचा विचार करत बसायचं नाही, नाहीतर वाटणी कधी संपायचीच नाही." नथूचा पडलेला चेहरा बघून त्यांचं मन विरघळलं. "बरं, आता रडू नकोस. रविवारी बसवरून पुस्तक तूच घेऊन ये. पुस्तक आणलंस की तुझं नाव वहीत."

"व्हय बाई!" गोष्ट डोक्यात बसली. अशी बसली की बस.

रविवारी सगळे नऊपासून वाचनालयात जमले. तात्याही मफलर गुंडाळून आले होते. दिनकररावांनी नथूच्या हातात मंडळाची वही दिली. "पुस्तक ज्या ज्या माणसाच्या हातात जाईल, त्याचं नाव वहीत आलं पाहिजे. नियम आहे."

नथू गेला. साडेनऊ वाजले. दहा वाजले. साडेदहाला नथू परत आला. घामाघूम झाला होता, पण चेहरा नवरदेवासारखा फुललेला. एका हातात वही, दुसऱ्या हातात निळा पुठ्ठा. नुसता पुठ्ठा.

"पुस्तक कुठंय?" कुमुदबाईंनी विचारलं.

"वाटलं."

"काय वाटलं?"

"पुस्तक. तुमीच म्हनालात न्हवं, हजर असतील त्येंच्यात वाटायचं. बस चहाला थांबली हुती. एक्केचाळीस पाशिंजर, डायवर आन् कंडक्टर. तिरेचाळीस झाले. शिलाईचा दोरा वढला तर पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटले. मोजले तर तेबी बरोबर तिरेचाळीस! कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्त न्हाई." नथूला भरून आलं होतं. एवढी सरळ वाटणी त्याच्या हातून आयुष्यात झाली नव्हती.

दिनकरराव चटईवरच बसले.

"आणि शेवट?" तात्यांनी विचारलं. "शेवटची पानं कुणाकडं गेली?"

"कंडक्टरकडं."

"आणि कंडक्टर?"

"बसबरोबर गेला की."

त्या आठवड्याचे हाल काय सांगावेत. कंडक्टरने पहिल्याच फेरीत शेवट वाचून काढला. त्याला तो इतका आवडला की तिकीट फाडता फाडता तो प्रत्येकाला सांगू लागला. मंडळाच्या अकराही जणांनी बसमध्ये पाय ठेवणं बंद केलं. दिनकरराव लेकीकडे नऊ किलोमीटर चालत गेले. वाटेत बस मागून आली की कानात बोटं घालून बांधाकडे तोंड करून उभे राहत.

पण झालं वेगळंच. ज्यांच्या हातात सोळा पानं पडली होती, त्यांनी ती वाचली. वाचली आणि झोप उडाली. कुणाच्या पानात राणी कड्यावरून लोंबकळत होती, कुणाच्या पानात गरुडाला जखम झाली होती. कंडक्टरकडून शेवट ऐकलेल्यांनाही आधी काय झालं आणि मधे काय घडलं, हे ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी वाचनालयासमोर भाजीवाल्या, मेंढपाळ, एक नवं जोडपं, झाडून सगळी माणसं आपापले गठ्ठे छातीशी धरून उभी राहिली. बस वाचनालयासमोरच थांबली आणि तीतून ड्रायव्हर-कंडक्टरही उतरले. कंडक्टरला आधी तोंडावर रुमाल बांधायला लावला, मग आत घेतलं.

कुमुदबाईंनी त्यांना पानांच्या आकड्यांप्रमाणे रांगेत बसवलं. एकेकाने उठून आपली पानं वाचली. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याची शेजाऱ्याने वाचली. संध्याकाळी कंडक्टरने रुमाल सोडून शेवट वाचला. तात्या गुजरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चौदा वर्षं सार्थकी लागली." सगळं वाचनालय रडत होतं. दिनकररावांना तर हुंदका आवरेना.

कुमुदबाई उठल्या. "नथू, इकडे ये. तू घोटाळे पुष्कळ केलेस, पण एवढे वाचक या मंडळाला कुणी मिळवून दिले नाहीत. आज तुझं नाव वहीत लिहिते."

त्यांनी वही उघडली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. वहीच्या उरलेल्या सगळ्या पानांवर त्रेचाळीस नावं लिहिलेली होती, गावासकट, ठसठशीत अक्षरांत. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर कंडक्टर होता. त्याखाली तांदूळ मावेल एवढीही जागा नव्हती.

"अरे नथू," कुमुदबाई कळवळल्या, "सगळ्यांची नावं घेतलीस आणि स्वतःला जागाच नाही ठेवलीस?"

"मी कसं लिव्हणार, बाई? माझ्या वाट्याला पान आलं न्हाई. पुठ्ठाच आला." नथूने निळा पुठ्ठा पिशवीतून काढून अभिमानाने पुढे धरला. "म्हनून माझं नाव पुठ्ठ्यावर लिव्हलं."

पुठ्ठ्यावर वर सोनेरी अक्षरांत 'सात शिखरांची राणी' असं छापलेलं होतं. त्याच्याखाली गिरणीच्या पाटीसाठी आणलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटने बोटभर जाडीचं 'नथू वाघचौरे' असं लिहिलेलं होतं.

कुमुदबाईंनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "नथू, इथे लेखकाचं नाव होतं ना रे?"

"कुनाचं तरी हुतं खरं," नथू म्हणाला. "पन त्यो काय हजर नव्हता. खोडून टाकलं."