दुखवट्यात आलेला दूत

फार जुन्या काळी हिमशिखरांच्या पायथ्याशी दोन राज्ये शेजारी नांदत होती. वर डोंगरात लोकरीचे आणि घोड्यांचे राज्य, खाली सपाटीवर धान्याचे. मधे एकच खिंड. तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या धान्य वर जाई आणि लोकर खाली येई. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण एकमेकांवाचून दोघांचेही पान हलत नसे.

सपाटीवर नवा राजा गादीवर बसला. खिंडीतला किल्ला डोंगरवाल्यांकडे आहे, हे त्याला खुपू लागले. त्याने त्रिंबकपंत नावाच्या अनुभवी दूताला बोलावले. किल्ला द्या, नाहीतर धान्य बंद, असा निरोप देऊन त्याने पंतांना वर पाठवले. सोबत एक तरुण सरदार दिला. पंतांना हे पटले नव्हते; पण राजाज्ञा होती, ते निघाले.

डोंगरी राजधानीत पोचले, तर बाजार बंद, रस्ते सुने. वेशीवरच्या पहारेकऱ्याने सांगितले, की म्हातारे महाराज कालच वारले. मागे त्यांची एकुलती एक मुलगी. तिला आई नाही, भाऊ नाही, आणि दरबारी मंडळी आतापासूनच आपसांत भांडू लागली आहेत.

सरदाराला आनंद लपवता आला नाही.

"पंत, याहून चांगली वेळ मिळायची नाही," तो म्हणाला. "आत्ताच मागा. पोर रडता रडता हो म्हणेल."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तेच पंतांना टोचत राहिले. त्यांना आपली बायको गेली तो दिवस आठवला. शेताच्या बांधावरून ज्याच्याशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते, तो शेजारी त्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन दारात आला होता. जवळ बसून राहिला. पंतांनी दोन घास खाल्ले, तेव्हा कुठे उठला.

पंतांनी सोबतच्या आचाऱ्याला पिठलं-भाकरी करायला सांगितली. शेला-पागोटे मुक्कामी ठेवले आणि झाकलेले ताट घेऊन ते अनवाणी राजवाड्यात गेले. नवी राणी एका कोपऱ्यात बसली होती. कालपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

"राणीसाहेब, आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण नेतात," पंत म्हणाले. "मी तुमचा शेजारीच. थोडं खाऊन घ्या."

राणीने भाकरीचा तुकडा मोडला आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळेपणी रडली.

सरदार रागारागाने परत गेला. पंत मात्र दुखवटा संपेपर्यंत तिथेच राहिले. मग रीतसर दरबारात उभे राहून त्यांनी राजाचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

निरोप ऐकून राणी म्हणाली,

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी मागितलं असतं, तर मी देऊन टाकलं असतं. मला काही सुचतच नव्हतं."

"ठाऊक होतं," पंत म्हणाले. "पण मग तुम्ही आम्हाला कधीच माफ केलं नसतं."

राणीने किल्ला दिला नाही. पण तुमचेही शिपाई आमच्या शिपायांबरोबर तिथे राहू देत, असे ती आपणहून म्हणाली. राजाने कुरकुरत ते मान्य केले, धान्य चालू ठेवले आणि पंतांना चाकरीवरून काढून टाकले. पंत गावी जाऊन शेती बघू लागले. वाईट वाटायचे, पण पश्चात्ताप कधी झाला नाही.

पुढे काही वर्षांनी उत्तरेकडून मोठे सैन्य चालून आले. आम्हाला खिंडीतून खाली जाऊ द्या, तुमच्या केसालाही धक्का लावणार नाही, असे त्यांनी राणीला कळवले. राणीने साफ नकार दिला. किल्ल्यात दोन्हीकडचे शिपाई खांद्याला खांदा लावून लढले. कितीतरी डोंगरी जवान पडले, पण शत्रू सपाटीवर उतरू शकला नाही.

राजा स्वतः पंतांच्या घरी आला. त्याची मान खाली होती. त्याने चूक कबूल केली आणि राणीशी कायमचा तह करायला पुन्हा दूत व्हा, अशी विनंती केली.

"येतो," पंत म्हणाले. "पण महाराज, आधी वर जाऊ. आपल्यासाठी जी पोरं गेली, त्यांच्या आयांना भेटू. तहाचं बोलणं नंतर."

राजाने घोडा मागवला नाही. तो पंतांबरोबर पायीच खिंड चढू लागला.

तात्पर्य: शेजारी खचलेला असताना त्याच्याकडून काही उकळण्यापेक्षा त्याला आधार द्यावा, दोन देशांचे नाते अशा आधारावरच टिकते.