चादर आणि दोन खड्डे

“हे पाणी काचेसारखं नितळ आहे की नाही, एवढंच सांगा, बाबा!”

हुलसुरेसाहेबांनी बाटली उन्हात धरली. कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं खातं त्यांचं. माणूस हुशार, पण हुशारीचा तोरा भारी!

गावानं अडवलं होतं. दर्ग्याचे लतीफबाबा हो म्हणाले तरच कारखान्याचं पाणी शेतात घेऊ, नाहीतर नाही. उद्या ग्रामसभा होती.



“पिऊन दाखवू?” साहेबांनी खरंच दोन घोट घेतले.

“शाब्बास,” बाबा म्हणाले. “आता फावडं घे.”

मजारीवरून, म्हणजे पिराच्या कबरीवरून, उतरलेली फुलं, जुनी चादर कचऱ्यात टाकत नाहीत. ती पुरायची, अशी इथली रीत. गेल्या उरुसानंतर बाबांनी एका चादरीचे दोन तुकडे केले होते. एक फुलांसकट लिंबाखाली पुरला. दुसराही तसाच हारासकट दर्ग्यामागं, जिथं वर्षभर कारखान्याचं पाणी झिरपत होतं.

साहेबांनी लिंबाखाली खणलं. ना फुलं, ना चादर! नुसती काळी भुसभुशीत माती आणि दोन गांडुळं.

“दुसरीकडं.”

दर्ग्यामागची जमीन फावड्याला दाद देईना. साहेब घामाघूम झाले. हातभर खाली हिरवी चादर लागली. झटकली, तर एक धागा तुटलेला नाही. हारातल्या पाकळ्यासुद्धा तशाच.

साहेबांना हर्ष मावेना. “बघा! अहो, काय बोलता मग? वर्ष झालं, माझ्या पाण्यानं सुताला धक्का लावला नाही!”

“नाही लावला,” बाबा म्हणाले.

“म्हणजे जिंकलोच की मी!”

बाबांनी फावडं मागून घेतलं. चार पावलांवर एक खड्डा होता, माणसाच्या लांबीचा, कडा नीट तासलेल्या. बाबा त्यात माती लोटू लागले.

“हा कुणाचा, बाबा?”

“माझा. फकिरानं आपली जागा आधीच खणून ठेवावी. बारा वर्षं झाली.”

“मग बुजवताय कशाला?”

बाबा माती लोटत राहिले...

साहेबांनी हातातल्या चादरीकडं पाहिलं. मग पाकळ्यांकडं. मातीतले जिवाणू, सडणं, कुजणं, सगळं त्यांनी कॉलेजात शिकलेलं, तेही पहिल्या नंबरानं पास होऊन. आत्ता कुठं ते आठवलं. त्यांना भयंकर लाज वाटली. उरलेलं पाणी कुठं ओतावं, हेही सुचेना.

खड्डा भरला. बाबांनी पायानं माती दाबली, फावडं खांद्यावर टाकलं आणि लिंबाकडं निघाले.

“बाबा... उद्या गावाला काय सांगू?”

बाबा वळलेसुद्धा नाहीत.

“सांग, बाबानं आपली कबर हलवली.”