कासाराकडचं हात जोडणारं जनावर

एका बंदराच्या गावी एका कासाराची शेजारीण पाणी भरत होती. विहिरीपलीकडे कुणीतरी म्हणालं, "...आणि माणूस दिसला की हात जोडतं म्हणे, त्या कासाराकडचं..." बोलणारी घागर उचलून निघूनही गेली. अर्धं ऐकून शेजारणीला चैन कुठून पडणार? ती ओल्या पदरानंच कासाराच्या दारात पोचली.

कासार बांगड्यांचा मोठा व्यापारी आणि भारी हौशी. एका गलबतवाल्याकडून त्यानं दूरच्या बेटावरचं एक जनावर विकत घेतलं होतं. मांजरापेक्षा लहान, मऊमऊ, डोळे मात्र मोठाले. दिवसभर झोपायचं. पण बघायला कुणी आलं की कासार त्याला उठवून गुदगुल्या करायचा, आणि ते दोन्ही हात डोक्यावर न्यायचं.

"बघा वहिनी, नमस्कार करतंय!"

"अगंबाई! भावजी, चार दिवस आमच्याकडे द्या हो याला. आमच्या सुनेला शिकवू दे."

गाव लोटला. नमस्कार करणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही त्या गावची रीत. म्हणून जो तो त्याच्या पुढ्यात खडीसाखर नाहीतर पेढा ठेवायचा. पाच घरांनी तर गलबतवाल्याला आपल्यासाठीही तसंच जनावर आणायला सांगितलं.

जनावर मात्र रोज वाळत चाललं.

शेजारणीची खिडकी कासाराच्या परसात, जनावराच्या पिंजऱ्यासमोरच उघडायची. तिनं तीन दिवस नीट पाहिलं आणि चौथ्या दिवशी बोललीच.

"भावजी, रागावू नका. एकटं असताना ते एकदाही हात वर करत नाही."

"एकटं असताना कुणाला करणार?"

"अहो, पण तुमचं पाऊल वाजलं की थरथरतं ते! पेढ्यांना मुंग्या लागल्यात, ते तोंडही लावत नाही. असं चाललं तर मरेल हो ते."

"वहिनी, त्या खिडकीला आधी पडदा लावा," कासार फणकारला. पण पिंजऱ्यातल्या मुंग्या त्यालाही दिसल्या. तो तडक धक्क्यावर गेला.

गलबतवाला पोट धरून हसला. "नमस्कार कसला, शेठ! घाबरलं की हात वर करतं. कोपरापाशी त्याचं विष असतं, हात वर नेऊन ते चाटतं आणि मग चावतं. पण तुम्ही निर्धास्त राहा, दात मी आधीच उपटलेत."

कासारानं विचारलं, "त्याच्या रानात नेऊन सोडाल?"

"बिनदातांचं? आठ दिवस जगायचं नाही. बाकी तुमच्यामुळं धंदा झाला हं, आणखी पाच आणतोय!"

आता कासार गप्प बसला असता तर त्याचा मान गावात तसाच राहिला असता. पण तो पाचही घरी गेला आणि म्हणाला, "मी चुकलो. ते नमस्कार करत नव्हतं, जवळ येऊ नका म्हणत होतं. तुम्ही मागवू नका."

चार घरांनी ऐकलं. पाचवा उसळला, "स्वतःची हौस झाली, आता आम्हाला शहाणपण?"

"घरी चला," कासार म्हणाला, "आणि तुमच्या हातानं भरवा त्याला."

पाचव्यानं केळं कुस्करून बोटावर धरलं. जनावरानं आधी हात वर केले. मग फार वेळानं, भुकेनं, नुसत्या हिरड्यांनी ते बोट चाचपलं. पाचवा उठला आणि धक्क्यावर जाऊन नको म्हणून सांगून आला. गलबत पुढच्या खेपेला रिकामं आलं.

कासारानं माळ्यावरच्या अंधाऱ्या खोलीत फांद्या बांधल्या, पिंजरा मोडला, पाहुण्यांना दार बंद केलं. शेजारीणसुद्धा केळं उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची. जनावर हळूहळू खाऊ लागलं, जगलं. रानात मात्र त्याला कुणालाच परत नेता आलं नाही.

आणि विहिरीवरची ती बातमी अर्धीच खरी निघाली. हात ते वर करत होतं, नमस्कार मात्र त्यानं कधीच कुणाला केला नव्हता.

यातून घ्यायचं तात्पर्य: रानातला जीव हौसेपायी घरात कोंडला, की त्याची भीतीसुद्धा आपल्याला गोड दिसू लागते. खरंच आवडत असेल, तर त्याला त्याच्या रानातच राहू द्यावं.