पाठमोरी होडी

एकदा काय झालं, समुद्राकाठी शिंपलवाडी नावाचं गाव होतं. त्या गावची एक होडी वादळात गेली ती गेलीच. आतले पाच गडीही परत आले नाहीत. मग गावानं ठरवलं, किनाऱ्यावर दगडाची होडी करायची, आत आपले पाचही जण वल्ही मारत बसलेले. म्हणजे येता-जाता दिसतील.

भिवा पाथरवटाला बोलावलं आणि तिथंच कटकट सुरू झाली. राघो नाखवा, म्हणजे गावचा म्होरक्या, म्हणाला, "माझा भाऊ पुढं बसव." दुसरा म्हणाला, "आमच्या तात्याची मिशी एवढीशी?" तिसऱ्याला नाकच पसंत नाही. भिवानं कपाळावर हात मारला, "अहो, दगड आहे, लोणी नाही!" पोरांनो, मी जन्मभर टोप्या विकल्या, बरं का. एक टोपी घ्यायला आख्खं घर येतं आणि जो घालणार त्यालाच कुणी विचारत नाही. तसलीच तऱ्हा!

एकमत एवढ्यावरच झालं, की सगळ्यांची तोंडं गावाकडं हवीत.

त्या पाचांतल्या चांग्याची आई धाकलीबाय. डोळ्यांनी अधू. तिला कुणी विचारलंच नाही. तिला हवं होतं इतकंच, की लेकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा. होडी किनाऱ्याला लागली की ती रोज फिरवायची. वादळाच्या दिवशी तेवढं राहून गेलं होतं.

होडी किनाऱ्यावर ठेवली. सकाळी धाकलीबाय चाचपडत गेली, तर होडी गायब! दगडाची होडी सरकत सरकत पाण्यात जाऊन उभी. मग गावानं दोर लावून वर ओढली. दुसऱ्या दिवशी माडाला बांधली, तर माडासकट गेली! तिसऱ्या दिवशी पुढं बांध घातला. पठ्ठी बांध ओलांडून गेली. ओढून ओढून हातांना फोड आले.

नाखवा खेकसला, "भिवा, कसला दगड आणलास रे?"

"दगड गुणाचा आहे, नाखवा. गावाचं मला विचारू नका!"

तोवर धाकलीबाय पाण्यात शिरली. लेकाच्या पाठीसाठी हात पुढं केला, तो पडला त्याच्या नाकावर. मग मात्र ती भडकली.

"नाखवा, वल्हवत घरी येतोस तेव्हा तुझं तोंड कुठं असतं?"

"दर्याकडं."

"आणि गावाकडं?"

"पाठ... पाठ असते, बाय."

"मग गावाकडं तोंड करून वल्हवणारा कुठं निघालेला असतो?"

नाखव्याची मान खाली गेली. "दर्यावर."

"मेल्यांनो, मग रोज तुम्हीच त्यांना दर्यावर धाडताय! जन्मभर मी माझं पोर पाठीवरून ओळखलं. फिरवा ती होडी!"

मग सगळ्यांनी मिळून होडी फिरवली. पुढचं टोक गावाकडं, पाठी गावाकडं. दोर लावायच्या आतच होडी सर्रकन वाळूवर चढली आणि थांबली. मिशा-नाकांचं भांडणही तिथंच मिटलं. धाकलीबायनं चांग्याच्या पाठीवर हात ठेवला. ओली होती. आणि कोमट होती, बरं का, दगडाची असून.

"आलास रे," म्हणाली ती.

तेव्हापासून ती होडी जागची हलली नाही आणि गावची एकही होडी दर्यात राहिली नाही. सगळे सुखानं नांदले.

चला, आता तुम्हीही किनाऱ्याला लागा. फिरा कुशीवर. पाठ इकडं करा बघू, थोपटतो.