ठमाईचा बावचीचा बांध

कुसूरपाडळीला वेस नव्हती आणि विहिरीला कठडा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठमाई नावाची सुईण होती. तिचा हात लागला की आडवं आलेलं मूल सरळ होई, असं म्हणतात. ती झाडपाल्याचं औषधही देई. कोडाच्या पांढऱ्या डागांवर तिच्याकडे बावचीच्या बियांचा लेप असे. बावची म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं जांभळ्या फुलांचं झुडूप.

ठमाईला एकच मुलगी, राही. तिच्याच हनुवटीवर तसा डाग उठला. बघायला आलेली माणसं पाणी पिऊन परत गेली. मग ठमाईला दुसरं काही दिसेना. तिनं गावचे सगळे बांध धुंडाळले आणि बी धरलेली बावची मुळासकट उपटून आणली. पुढल्या वर्षी जी उगवली तीही तिनं नेली. बांध उघडे पडले.

राही रोज सकाळी लेप लावून उन्हात बसे. डागाच्या कडेला सावळे ठिपके उमटू लागले. लग्नसराईपर्यंत हनुवटी एकसारखी होणार, असं ठमाईनं मनाशी धरलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात गोमाजी माळ्याच्या लिंबांवर अळ्या पडल्या. अर्ध्या गावाची चूल त्या लिंबांवर पेटे. संध्याकाळी पान असे, सकाळी नुसती काडी. लोकांनी धूर केला, राख उधळली, देवीपुढे नारळ वाढवला. पिवळी-काळी फुलपाखरं येतच राहिली.

"ठमाई, गावातली सगळी पोरं तुझ्या हातची," गोमाजी पारावरून ओरडला. "आता ही हिरवी पोरंही तूच आणलीस काय?"

ठमाई घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी राही अंगणात बसली होती. एक फुलपाखरू उघड्या बांधांवरून भिरभिरत आलं आणि तिच्या हनुवटीवर टेकलं. पुढच्या पायांनी त्यानं लेपावर टकटक केलं, जणू पायांनीच चव घेतली.

"आई, हलू का?"

"हलू नकोस गं."

फुलपाखरानं पोट वाकवलं, मोत्यासारखं एक पिवळसर अंडं लेपावर ठेवलं आणि ते उडून गेलं, असं म्हणतात.

"मेलीला माझी हनुवटी बावची वाटली," राही हसून म्हणाली.

ठमाई हसली नाही. तिनं लिंबाचं पान चुरगळून हुंगलं, मग लेप हुंगला, मग पुन्हा पान. झाडं एका गोताची नव्हती. पण दोन्ही वासांच्या तळाशी एकच कडवटपणा होता.

"पोटुशी बाई माहेरी जाते," ती म्हणाली. "हिचं माहेर मीच उपटलं. म्हणून ही लिंबाच्या दारात गेली."

गाडग्यात शेवटचं बी होतं आणि शिवारात दुसरं उरलं नव्हतं. ते वाटलं तर राहीची हनुवटी सुधारणार, पेरलं तर गोमाजीची लिंबं वाचणार. ठमाई गाडगं मांडीवर घेऊन बसून राहिली.

"पेर," राही म्हणाली.

"अगं, आणि डाग?"

"डागानं कुणाचं पान खाल्लंय?"

आणि तिनंच गाडगं उचललं.

मायलेकींनी बांधाबांधावर बी टाकलं. असं म्हणतात, त्याच आठवड्यात बावची गुडघ्याला लागली आणि लिंबांवरून फुलपाखरांची पिवळी चादर उठून बांधांवर पसरली. अळ्यांनी बावची खाल्ली, बावची पुन्हा फुटली. लिंबांना नवी पालवी आली. मग गोमाजी पहिल्या लिंबांची पाटी घेऊन ठमाईच्या दारात गेला. तो काय बोलला, ते कुणाला ठाऊक नाही.

राहीचा डाग गेला नाही, उलट गळ्यापर्यंत उतरला. तिचं लग्न झालं असं काही सांगतात, काही नाही म्हणतात. पण ठमाईनंतर गावची बाळंतपणं तिनंच केली, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

अजूनही कुसूरपाडळीत खुरपणीच्या बाया बांधावरची बावची राखतात. तिला त्या ठमाईचं माहेर म्हणतात. औषधाला बी न्यायचं तर निम्मं तिथंच झाडून ठेवायचं. दर पावसाळ्यात बावचीच्या बियांची पहिली मूठ एका मुलीच्या हातून पडते. त्याआधी थोरल्या बायका तिच्या हनुवटीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा ठिपका लावतात. दिवस मावळेपर्यंत तो कुणी पुसत नाही, आणि तो आपल्याला मिळावा म्हणून गावातल्या मुली भांडतात.