लाल टोपण आणि रेग्युलेटर

छोटी विमानं माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. हेमांगीताईंच्या विमानात बॅटरी आणि इंजिनात ठिणगी पाडणारी पेटी यांच्यामध्ये, नाकावरच्या टोपणाच्या आत, एक रेग्युलेटर होता. बॅटरीच्या विजेचा दाब पेटीला झेपणारा नव्हता. जास्तीचा दाब रेग्युलेटर स्वतःवर घेई आणि त्यामुळे तापे.

"थंड राहायला मला वारा हवा," तो म्हणाला. वाऱ्यासाठी भोक पाडायला ताईंनी ड्रिल उचललं, पण विमानाच्या नाकावरचं लाल टोपण रुसलं.

"माझ्या रंगाला भोक नको. यानेच थोडा दाब पुढे सोडावा."

"मग पेटी जळेल. ते मी होऊ देणार नाही," रेग्युलेटर म्हणाला.

ताईंनी टोपणाचं ऐकलं आणि इंजिन सुरू केलं. रेग्युलेटर भाजून निघाला, तरी पेटीकडे जादा दाब त्याने जाऊ दिला नाही. विमान धावपट्टीवर असतानाच त्याला सोसेना. त्याने वीज तोडली आणि इंजिन बंद पडलं.

टोपणाने घाबरत विचारलं, "आपण आकाशात असतो तर?"

"तिथेही मला थांबावंच लागलं असतं," रेग्युलेटर शांतपणे म्हणाला.

ताई पुन्हा ड्रिल घेऊन आल्या. टोपण जराही हललं नाही.

"ताई," ते म्हणालं, "एक नको, दोन पाडा."