नांगोजीची महागाची पाणबुडी

लय जुनी गोष्ट. तेव्हा खेकडे तुमच्याआमच्यासारखे सरळ चालायचे. खोटं वाटत असेल तर कुठल्याही खेकड्याला विचारा.

तळ्यात पाणबुड्यांची शर्यत होती. जिंकेल त्याला वडाच्या मुळातलं ऐसपैस बीळ मिळणार होतं. म्हणून नांगोजी खेकडा बायकोला घेऊन कासवअण्णाच्या दुकानात गेला. तिथे सुटे भाग घरी नेऊन जोडायच्या दोन पाणबुड्या होत्या. एक काडेपेटीएवढी, साधी. दुसरी विटेएवढी, पितळी पंख्याची, महागाची. नांगोजीचं सकाळपासून ही धर, ती ठेव चाललं होतं. शेवटी कासव कंटाळलं. कासव!

"उरक की बाबा, माझं वय झालं."

"अहो, छोटी घ्या," बायको म्हणाली. "आपल्या बिळाचं तोंड केवढंसं!"

"तू गप. चार जण जळले पाहिजेत."

मोठी घेतली. एकेक भाग बिळात नेऊन तीन दिवस खपून जोडली. शर्यतीची शिट्टी वाजली आणि पाणबुडी बिळाच्या तोंडात बुचासारखी अडकली.

"मोडा ती," बायको म्हणाली.

"मोडू? एवढी महागाची?"

बायकोने कपाळावर नांगी मारून घेतली. "मोठं बीळ जिंकायला आधी मोठं बीळ लागतंय तुम्हाला!"

ती पाणबुडीशेजारच्या फटीतून आडवी होऊन बाहेर सरकली. मागून पोरं, शेवटी नांगोजी. तोवर काडेपेटीवाली घेऊन बेडूक जिंकलाही होता.

पाणबुडी अजून तिथंच आहे. महागाची वस्तू मोडवत नाही, म्हणून अख्खं खानदान आजही आडवंच चालतं.